दाखला, झडती आणि तारापूरचा दर्या

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पहांटेची भरती लागूं लागली म्हणजे तारापूर-चिंचणीच्या खाडींत, मुरब्याच्या आणि सातपाटीच्या बंदरांत होड्यांची गडबड सुरू होते. बर्फ चढतो, डिझेल चढतें, जाळीं चढतात. आणि या सर्वांबरोबर तांडेलाच्या प्लॅस्टिकच्या पिशवींतून कागदांचें एक पुडकेंहि चढतें. त्यांत होडीचें नोंदणीपत्र असतें, मासेमारीचा परवाना असतो, आणि प्रत्येक खलाशाचें छायाचित्र व बोटांचे ठसे ज्याच्याशीं जोडलेले आहेत असें ओळखपत्र असतें. बर्फ कमी पडला तर थोडी मासळी बिघडते. कागद घरीं राहिला तर गस्तीच्या नौकेपुढें सबंध होडीच अडून राहते.

त्याच वेळीं, तेथून पन्नास-साठ मैल दक्षिणेस, मुंबईच्या विमानतळावर कंबरेचा पट्टा काढून, खिशांतलीं नाणीं तबकांत टाकून, दोन्ही हात पसरून उभे राहिलेले उतारू एका चौकटींतून एकेक करून पुढें सरकत असतात. या दोन दृश्यांत वरवर पाहतां कांहींच साम्य नाहीं. एक जण प्रवासाला निघालेला आहे, दुसरा पोटामागें. परंतु दोघांनाहि प्रश्न एकच विचारला जात आहे: तूं कोण, आणि तुझ्यापासून इतरांस धोका नाहीं हें कशावरून?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार राज्यसत्तेला आहे, याविषयीं आज फारसा वाद उरलेला नाहीं. हजारों माणसांचे प्राण एका माणसाच्या लहरीवर सोंपवा, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. वाद आहे तो निराळाच. ज्याची झडती व्हावयाची त्याच्या हातांत झडती घेणारास बांधून ठेवणारें कांहीं असतें कीं नाहीं, हा तो वाद होय. तारापूरच्या किनाऱ्याला तो नवा नाहीं. सुमारें पांचशें वर्षांत या किनाऱ्यानें निरनिराळे तपासणारे पाहिले, आणि प्रत्येकानें सार्वजनिक सुरक्षिततेचेंच नांव घेतलें.

विमानतळावरील झडती ही त्या मानानें अगदीं अलीकडची. १९७० च्या आधीं जगांत बहुतेक ठिकाणीं विमानांत चढणें हें आगगाडींत चढण्यापेक्षां फारसें निराळें नव्हतें. मग विमानें पळविण्याची साथच आली. ३० जानेवारी १९७१ रोजीं श्रीनगरहून जम्मूस निघालेलें ‘गंगा’ नांवाचें फॉकर विमान दोघां तरुणांनीं लाहोरास नेलें. त्यांचें पिस्तूल खोटें होतें आणि हातबाँब लांकडाचा होता, हें मागाहून उघड झालें. अमेरिकेंत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक उतारूची आणि त्याच्या हातांतील सामानाची तपासणी सक्तीची झाली. २३ जून १९८५ रोजीं एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटानें फुटून ३२९ माणसें मेलीं. तेथें पेटी विमानांत चढली होती, पेटीचा धनी चढला नव्हता. १९८७ मध्यें आपल्याकडे नागरी विमान-सुरक्षेचें खातें स्वतंत्र झालें. आणि १९९९ च्या डिसेंबरांत काठमांडूहून निघालेलें विमान कंदाहारला नेलें गेलें, त्यानंतर विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यास आरंभ झाला. प्रत्येक नियमामागें असा एक घाव आहे, आणि म्हणूनच लोक ते नियम निमूटपणें पाळतात.

परंतु घाव भरला तरी पट्टी सुटत नाहीं, हाहि अनुभव आहे. २००१ च्या डिसेंबरांत एका इसमानें बुटांत स्फोटक लपविलें. त्यापायीं अमेरिकेंतील विमानतळांवर कोट्यवधि लोकांनीं वर्षानुवर्षें बूट काढले. तो नियम उठावयास २०२५ चा जुलै उजाडावा लागला. तपासणी कोणत्या दिवशीं सुरू झाली तें नेहमीं सांगतां येतें. ती कोणत्या दिवशीं संपेल तें क्वचितच कोणी लिहून ठेवतो. आणखीहि एक बारीकसा तपशील येथें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आपल्या विमानतळांवर ज्यांची झडती घ्यावयाची नाहीं अशा थोरामोठ्यांच्या पदांची एक यादीच असते. या यादीची आठवण श्रोत्यांस पुढें एका जुन्या फलाटावर होईल.

आतां मागें वळावयाचें म्हणजे थेट सोळाव्या शतकांत जावें लागतें. १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढें वसईपासून दमणपर्यंतचा सारा पट्टा त्यांच्या अमलाखालीं आला. वसई ही त्यांच्या या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी आणि तारापूर हें त्यांतलें एक तटबंद ठाणें. त्या ठाण्याच्या भिंती तारापुरांत आजहि उभ्या आहेत. पोर्तुगीजांनीं हिंदी महासागरावर एक नवीनच गोष्ट आणली होती. ती म्हणजे ‘कार्ताझ’, दर्यावर चालण्याचा परवाना. तोंपर्यंत बंदरांत जकात द्यावी लागे, वाटेंत चांचे भेटत. परंतु उघडा समुद्र हा कोणा एका राजाचा आहे आणि त्यावरून जावयाचें तर त्याची चिठ्ठी हवी, ही कल्पना या बाजूच्या व्यापाऱ्यांस ठाऊक नव्हती. १५०२ च्या सुमारास सुरू झालेल्या या पद्धतींत जहाज केवढें, त्याचा नाखवा कोण, माणसें किती, हत्यारें कोणतीं, कोठून कोठें जावयाचें, हें सर्व त्या कागदावर लिहिलें जाई. मिरी आणि युद्धसामग्री यांसारखा माल नेण्यास बंदी असे. जातां-येतां पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी लागे. कागदाची फी थोडकी होती; खरी किंमत या जकातींत होती. ज्या जहाजाजवळ कागद नाहीं तें धरावें, लुटावें किंवा बुडवावें.

पोर्तुगीज याला समुद्राची शिस्त म्हणत. त्यांत अगदींच तथ्य नव्हतें असें नाहीं. परवाना असलेल्या जहाजास इतर लुटारूंपासून थोडेंबहुत संरक्षण मिळे. पण मुख्य भय होतें तें परवाना देणाराचेंच, आणि त्याच भयापासून सुटका म्हणून तो कागद विकला जाई. दिल्लीपतींचीहि यांतून सुटका नव्हती. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्यें हजला निघाली, तेव्हां या परवान्याच्या घोळांत तिला सुरतेस सुमारें एक वर्ष खोळंबावें लागलें. अकबराच्या दरबारांतील कांहीं मौलवींनीं तर असा निर्वाळा दिला कीं, समुद्रमार्गानें हजला जाणें आतां बंधनकारक नाहीं, कारण पोर्तुगीजांच्या परवान्यावर मेरी आणि येशू यांचीं चित्रें असतात आणि असा कागद बाळगणें म्हणजे मूर्तिपूजेस संमति देणें होय. या निर्वाळ्यांतलें धर्मशास्त्र बाजूस ठेवलें तरी त्यांतलें मर्म मोठें आहे. सुरक्षिततेसाठीं कोणता कागद जवळ बाळगावा लागतो, यांत माणसाच्या मानाचा प्रश्न येतोच. तो अकबराच्या काळींहि आला होता.

या पद्धतीचें खरें रूप १६१३ मध्यें उघडें पडलें. ‘रहीमी’ नांवाचें एक प्रचंड जहाज सुरतेहून तांबड्या समुद्राकडे यात्रेकरू आणि माल नेत असे. त्याची मालकीण जहांगीर बादशहाची आई मरियम-उझ-झमानी. या जहाजाजवळ पोर्तुगीजांचा रीतसर परवाना होता. तरीहि त्या वर्षीच्या सप्टेंबरांत पोर्तुगीजांनीं तें सुरतेच्या समुद्रांत पकडलें आणि शेंकडों उतारूंसह गोव्यास नेलें. सुरतेस इंग्रजांना व्यापाराची सवलत मिळूं लागली होती, तिचा राग या जहाजावर निघाला. जहांगिरानें दमणास वेढा घालण्याचा हुकूम सोडला आणि आग्र्याचें जेझुइटांचें देऊळ बंद करविलें. दोन वर्षें हें प्रकरण धुमसत राहिलें. दमणपासून तारापूरपर्यंतच्या पोर्तुगीज मुलखास याची झळ लागल्यावांचून कशी राहील! बादशहाच्या आईला दमणास वेढा घालणारा पुत्र तरी होता. ज्या सामान्य नाखव्याचें गलबत कागद असूनहि धरलें गेलें, त्यानें कोणाकडे दाद मागावयाची? परवाना घेणाराला बांधी. देणाराला त्याचें कांहींच बंधन नव्हतें.

१७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें सुरुंग लावून तारापूरचा कोट घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भीवराव रेठरेकर कामास आले. मे महिन्यांत वसई पडली आणि या किनाऱ्यावरून कार्ताझाचा अंमल उठला. परंतु परवाना उठला नाहीं. मराठ्यांचे कौल होते, आंग्र्यांचीं दस्तकें होतीं, मुंबईकर इंग्रजांचे पास होते. यांत गंमत अशी कीं, इंग्रजांच्या दफ्तरांत आंग्रे दस्तक मागत म्हणून चांचे ठरले आणि इंग्रज स्वतः पास देत म्हणून ते दर्याचे राखणदार ठरले. तें असो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या ‘आज्ञापत्रां’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतल्या ग्रंथांत, आरमाराचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. कौल असलेल्या सावकारी गलबतांस उपसर्ग होऊं देऊं नये. परमुलखींचीं गलबतें सांपडलीं तर त्यांची एकाएकीं नासधूस न करतां, अभय देऊन, त्यांची समजूत काढून त्यांना बंदरांत आणावें, असा त्यांतला आशय. मराठी आरमारानें हें सदोदित पाळलें असें इतिहास सांगत नाहीं. पण तपासणारानें कसें वागावें हें तपासणाऱ्या सत्तेनेंच आपल्या माणसांस लिहून द्यावें, ही गोष्ट या किनाऱ्याच्या इतिहासांत उठून दिसते.

यानंतर राज्य इंग्रजांचें झालें, आणि १८६४ मध्यें मुंबई व सुरत हीं शहरें लोहमार्गानें जोडलीं गेल्यावर माणसांची वाट दर्यावरून रुळांवर आली. पालघरचें स्टेशन याच मार्गावरचें. आतां झडतीची जागा बंदर नव्हे, तर फलाट झाली. आणि तिचें कारणहि बदललें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत मांडवी भागांत डॉ. वेगस यांनीं गांठीच्या तापाचा रोगी ओळखला. पाहतां पाहतां साथ फैलावली, आणि गाड्या भरभरून माणसें मुंबई सोडूं लागलीं. त्यांच्याबरोबर रोग देशभर जाईल, या भयानें सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा केला. कायदा अवघा चार कलमांचा. दुसऱ्या कलमानें आगगाडीनें किंवा इतर मार्गानें जाणाऱ्या माणसांची तपासणी करण्याचा आणि ज्यांचा संशय येईल त्यांस वेगळें काढून ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. तिसऱ्यानें हुकूम मोडणारास शिक्षा सांगितली. चौथ्यानें असें ठरविलें कीं, या कायद्याखालीं सद्‌हेतूनें कांहीं करणाऱ्या कोणावरहि दावा लावतां येणार नाहीं. तपासल्या जाणाऱ्या माणसाला कोणता हक्क आहे, हें सांगणारें कलम त्यांत नव्हतें.

त्या वर्षीं फलाटावर काय घडे? गाडी थांबे, तिसऱ्या वर्गाच्या उतारूंस खालीं उतरवून रांगेंत उभें करीत. डॉक्टर एकेकाची नाडी पाही, डोळे पाही, आणि मानेवर, काखेंत, जांघेंत गांठ आहे कीं काय तें हातानें चाचपून पाही. स्त्रियांची तपासणी स्त्रियांनीं आडपडद्यांत करावी असे हुकूम सुटले; परंतु स्त्री डॉक्टर सर्वत्र कोठून आणावयाच्या? ज्या समाजांत परक्या पुरुषापुढें डोईचा पदर ढळणें ही अप्रतिष्ठा, तेथें भर फलाटावरच्या या प्रकारानें केवढा क्षोभ झाला असेल याची कल्पना करतां येते. कपडे मळके, चेहरा उतरलेला, एवढ्यावरूनहि माणूस संशयित ठरे. आणि गरिबाचे कपडे मळके असतात हें काय सांगावयास हवें? वरच्या वर्गाच्या डब्यांत मात्र डॉक्टर दारांतूनच नजर टाकून पुढें जाई. विमानतळावरच्या त्या यादीचे हे पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं.

पुण्यांत घरोघर झडतीसाठीं गोरे शिपाई घातले गेले, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं चापेकर बंधूंनीं प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मार्च १८९८ मध्यें मुंबईंतहि तपासणीवरून दंगल झाली. सरकारनें नेमलेल्या प्लेग कमिशनपुढें साक्षी झाल्या, आणि हळूहळू जबरदस्तीचा जोर ओसरला. हाफकीन यांनीं जानेवारी १८९७ मध्यें स्वतःवर प्रयोग करून पाहिलेली लस लोकांनीं खुषीनें टोंचून घ्यावी, यावर भर आला. फलाटावर कांहीं रोगी खरोखर सांपडले, हें कबूल केलें पाहिजे. पण या सर्व खटाटोपाचा शेवट विचित्र झाला. १८९८ मध्यें कराचीस पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरानें असें दाखविलें कीं, गांठीचा ताप उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो. तेव्हां कोणीं त्याचें फारसें ऐकलें नाहीं; पुढें १९०५ नंतर मुंबईंतल्या संशोधनानें तेंच सिद्ध झालें. म्हणजे उतारूंच्या काखा चाचपल्या जात होत्या, त्या वेळीं धान्याच्या पोत्यांतले उंदीर मालगाड्यांतून बिनतिकीट आणि बिनझडतीचे गांवोगांव पोंचत होते! डॉक्टर लबाड नव्हते, सरकारहि केवळ दुष्टाव्यानें वागत नव्हतें. धोका खरा होता. जें दिसत होतें तें त्यांनीं तपासलें, आणि जें तपासावयास हवें होतें तें कोणालाच दिसत नव्हतें. ज्यांना अपमान सोसावा लागला त्यांस मात्र हें आठ-दहा वर्षांनीं कळून काय उपयोग?

हाच कायदा २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या साथींत महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला आणि स्टेशनांवर पुन्हां रांगा लागल्या. या वेळीं हात लावावा लागला नाहीं. कपाळासमोर धरलेल्या यंत्रानें काम भागलें. सव्वाशें वर्षांत यंत्र सुधारलें, कायद्यांत तपासणाऱ्याचें संरक्षण वाढलें. तपासल्या जाणाऱ्याविषयींचें कलम तेव्हांहि आलें नाहीं.

दरम्यान तारापुरास नवीनच एक दरवाजा उभा राहिला होता. १९६४ मध्यें किनाऱ्यालगत अणुवीजकेंद्राचें बांधकाम सुरू झालें आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून हिंदुस्थानांतलें हें पहिलें अणुवीजकेंद्र रीतसर वीज देऊं लागलें. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यानें अशा जागा ‘निषिद्ध क्षेत्र’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. पुढें तिसरा आणि चौथा संच उभारतांना अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें उठलीं व बोईसरच्या बाजूस वसविलीं गेलीं. ते संच २००५ व २००६ मध्यें चालूं झाले. केंद्रासमोरच्या दर्यांत कोळ्यांस जाळें टाकण्यास मज्जाव झाला. जी वाट आज्यापणज्यांनीं माशांच्या खुणेवर शोधली होती, तिला वळसा घालून जाणें आलें. अणुकेंद्राच्या भिंतीपाशीं कोणीहि यावें-जावें असें म्हणणारा माणूस मिळणार नाहीं. पण ज्या सुरक्षिततेचा लाभ सबंध मुंबई इलाख्याला वीज होऊन मिळतो, तिचा वळसा मात्र घिवली-उच्छेळीच्या होड्यांनींच घालावयाचा असतो.

या केंद्राच्या आंत मात्र एक निराळीच तपासणी चालते, आणि तिच्याकडे पुरेसें लक्ष जात नाहीं. फाटकावर आंत येणाराची झडती होते ती इतरांच्या रक्षणासाठीं. परंतु किरणोत्सर्गाच्या भागांतून बाहेर पडणाराची जी तपासणी होते ती त्याच्या स्वतःच्या रक्षणासाठींहि असते. तो यंत्राच्या चौकटींत उभा राहतो, आणि अंगाला, कपड्यांना कांहीं चिकटलें आहे काय तें यंत्र पाहतें. त्याच्या छातीवरचा बिल्ला त्याला किती किरणमात्रा लागली तें मोजीत असतो. १९८३ मध्यें स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळानें ठरविलें आहे कीं, कामगाराला एका वर्षांत तीस मिलिसीव्हर्टपेक्षां आणि पांच वर्षांत मिळून शंभरांपेक्षां अधिक मात्रा लागतां कामा नये. बिल्ला छातीवर कामगाराच्या असला तरी तो बांधतो मालकाला. आंकडा भरला कीं त्या माणसाला त्या कामावरून काढून दुसरीकडे लावणें हें मालकाचें काम. पांचशें वर्षांच्या या हकीकतींत असा दाखला दुसरा सांपडत नाहीं. बोईसरच्या कंत्राटी मजुरापर्यंत तो नियम किती कसोशीनें पोंचतो, हें पाहणें मात्र त्या मंडळाचें काम आहे, आणि तें काम कागदावर संपत नाहीं.

आतां पुन्हां दर्यावर येऊं या. १९९३ च्या आरंभीं रायगडच्या किनाऱ्यावर उतरविलेल्या स्फोटकांनीं १२ मार्च रोजीं मुंबई हादरली, आणि महाराष्ट्र व गुजराथच्या किनाऱ्यांवर नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस यांची संयुक्त गस्त सुरू झाली. तरीहि २६ नोव्हेंबर २००८ रोजीं दहा हल्लेखोर समुद्रमार्गानेंच आले. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारीची बोट त्यांनीं भर समुद्रांत पकडली, तिच्यावरचीं माणसें मारलीं आणि तीच बोट मुंबईकडे हांकली. बोट हिंदी नोंदणीची होती. तिचा कागद खरा होता, फक्त तिच्यावरचीं माणसें बदललीं होतीं. त्या दहाजणांच्या खिशांत हिंदी ओळखपत्रेंहि होतीं, तीं मात्र खोटीं. मुंबईंत बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तींत ते रबरी होडीनें उतरले, तेव्हां त्यांना पहिल्यानें हटकलें तें तेथल्या कोळ्यांनीं. ते कागद पाहून नव्हे, तर पेहराव, ओझें आणि उतरण्याची तऱ्हा पाहून बोलले. एकशें सहासष्ट माणसें त्या हल्ल्यांत गेलीं.

यानंतर किनाऱ्यावर कागदांचा पाऊस पडला, आणि तो पडणें स्वाभाविकच होतें. २००९ पासून प्रादेशिक समुद्राच्या रक्षणाची जबाबदारी तटरक्षक दलावर आली. मच्छीमारांस बोटांच्या ठशांचीं ओळखपत्रें मिळूं लागलीं. प्रत्येक राज्याच्या होड्यांस ठराविक रंग आला. सागरी पोलीस ठाणीं निघालीं. ‘सागर कवच’ नांवाची कवायत होऊं लागली. त्याच वेळीं कोळ्यांस असेंहि सांगण्यांत आलें कीं, तुम्हीच देशाचे डोळे आणि कान आहांत. यांतला विरोध कोणाच्या ध्यानांत आला नाहीं असें नाहीं. एकाच तांडेलाला सरकार दोन नांवांनीं ओळखतें: बंदर सोडतांना तो संशयित असतो आणि दर्यावर गेला कीं पहारेकरी. विमानाचा उतारू वर्षांतून दोन-चारदां हात पसरून उभा राहतो आणि घरीं जाऊन विसरतो. खलाशाला हें दर भरतीला करावें लागतें. गस्तीच्या नौकेनें थांबविलें, दोन तास गेले, तर तेवढ्यांत ओहोटी लागते आणि त्या दिवसाचा डोल फुकट जातो. त्या दोन तासांचा हिशेब कोणत्याहि खात्याच्या वहींत लिहिला जात नाहीं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे; त्यांत हात घालावयाचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतु रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणांत हवा. दर्यावरच्या तपासणीला हें माप लावून पाहिलें तर पहिल्या दोन अटींत ती सहसा नापास होणार नाहीं. अडचण तिसरींत आहे. ठसे कोठें राहतात, किती दिवस राहतात, तपासणारानें चूक केली तर तक्रार कोठें करावयाची, हें सातपाटीच्या किंवा दांडीच्या खलाशाला त्याच्याच भाषेंत कोणीं समजावून सांगितलें आहे काय?

आणि तरीहि तो कागद फेंकून द्या, असें कोणी कोळी म्हणणार नाहीं. याचें कारण आणखी उत्तरेस आहे. डहाणू-तलासरी भागांतले कितीतरी आदिवासी आणि कोळी तरुण गुजराथच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छजवळच्या समुद्रांत हद्दीची खूण कांहीं पाण्यावर काढलेली नसते. वारा आणि माशांचा माग यांच्या नादांत बोट पुढें जाते, पाकिस्तानी गस्त तिला धरते, आणि मग वर्षानुवर्षें कराचीचा तुरुंग. तेथें हा माणूस हिंदी आहे, या गांवचा आहे, हें सिद्ध होईपर्यंत त्याच्या सुटकेची बोलणीं पुढें सरकत नाहींत. आणि सिद्ध व्हावयाचें तें याच कागदावरून, याच ठशांवरून. गस्तीच्या नौकेपुढें जें ओझें वाटतें, तेंच तेथें त्याचें एकमेव माणूसपण ठरतें.

२००८ मध्यें दोन्ही देशांत झालेल्या करारान्वयें दर वर्षीं १ जानेवारीस आणि १ जुलैस एकमेकांच्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्यांची देवघेव होते. त्यांत नागरिक वेगळे आणि मच्छीमार वेगळे लिहिलेले असतात. पालघर जिल्ह्यांतल्या कांहीं घरांत वर्षाचे हे दोन दिवस सणावारांसारखे लक्षांत ठेवलेले असतात. यादी आली कीं पोरें ती फोनवर उघडून देतात, आणि वडीलधारीं माणसें नांव, बापाचें नांव व गांव असें एकेक ओळीनें वाचून घेतात.